दीडशे काड्यांनंतर

मामा, तुमच्या दहाव्याला नदीवर उभं राहायला जागा नव्हती. बोलायला उठलेला प्रत्येक जण तुमच्या चाकूबद्दल बोलला. एकाने सांगितलं, निवृत्ती मिस्तरीचा चाकू अख्खा हंगाम दगड न बघता चालायचा. दुसऱ्याने त्याचे दोन हंगाम केले. तिसरे एक बागायतदार टोपी काढून, डोळे पुसत म्हणाले की तुम्ही बांधलेलं एकही कलम कधी वाया गेलं नाही. तुम्ही तिथे असता तर एव्हाना चपला शोधायला लागला असता. मी मागे ओल्या पायरीवर उभा होतो. माझ्या जुन्या वहीत लिहिलेलं आहे की एका सकाळीत, जेवणाच्या सुट्टीपर्यंत, तुम्ही तुमचा चाकू अकरा वेळा दगडाला लावला होता. पण मी काही बोललो नाही. गेलेल्या माणसाच्या चाकूला बोथट कोण म्हणणार?

गप्प राहायची ही माझी पहिली वेळ नव्हती. आधीच्या वेळी मी गप्प राहिलो ते तुम्हाला कळलं होतं की नाही, हे मला आजवर समजलेलं नाही. विचारायची सोय आता उरली नाही. म्हणून लिहितो आहे. तुम्ही अक्षर लावून लावून वाचायचात, तेव्हा सोपं लिहीन.

आपली पहिली भेट तुम्हाला आठवत असेल का? मला आठवते, कारण त्या दिवशी पंचवीस माणसांसमोर माझी फजिती झाली होती. बी.एस्सी. होऊन मला जेमतेम वर्ष झालं होतं. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलेलं नव्हतं. वडील इगतपुरीला रेल्वेत गँगमन. माझ्या निकालाच्या दिवशी त्यांनी गँगमधल्या सगळ्यांना पेढे दिले. कोणीतरी विचारलं, ‘आता पोरगा काय होणार?’ वडिलांना सांगता आलं नाही. मलाही सांगता आलं नसतं. शहरात द्वारका चौकाजवळच्या शेती अवजारांच्या दुकानात मला नोकरी लागली. शेठनी माझ्या नावापुढे कार्डावर ‘बी.एस्सी.’ छापलं आणि कलमाचे चाकू विकायला मला गावोगाव धाडलं.

नव्वदच्या दशकाची मधली वर्षं होती ती. आपल्याकडचे द्राक्षवाले जंगली खुंटावर कलम करायला लागले होते. तुम्हाला हे सांगायला नको, पण वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाला ठाऊक नसेल म्हणून लिहितो. खराब जमिनीला आणि कमी पाण्याला टिकणारा जंगली खुंट, म्हणजे जंगली जातीचं मुळांसकटचं रोप, आधी लावायचा, आणि पावसाळ्याच्या उतरणीला त्याच्यावर चांगल्या जातीची काडी बसवायची. खुंटाला मधोमध चीर द्यायची, काडीला दोन्ही बाजूंनी तासून पाचर करायची, पाचर चिरेत बसवून पट्टीने घट्ट बांधायची. काप सपाट असला तर दोन्ही लाकडं एकमेकांना धरतात. खडबडीत असला तर मध्ये फट राहते, काडी वाळते आणि बागेचं एक वर्ष जातं. सगळा खेळ चाकूच्या धारेवर.

त्या दिवशी बागेत मी माझी ठरलेली कसरत केली. डाव्या हातावरचे केस चाकूने भादरून दाखवले. वर्तमानपत्राचा कागद हवेत धरून उभा चिरला. ‘बघा, ब्लेडसारखी धार!’ माणसं ‘वा’ म्हणाली. तुम्ही पुढे आलात, माझा हात धरलात आणि शर्टाची बाही कोपरापर्यंत वर सारलीत.

“अरारा,” तुम्ही सगळ्यांना हात दाखवत म्हणालात, “ह्याच्या हातावर तर पीकच ऱ्हायलं नाय. रोज काढणी करतो काय रे?”

हशा पिकला. तो ओसरेपर्यंत तुम्ही हात सोडला नाहीत.

“शिक्षण किती?”

“बी.एस्सी.”

“मग बीएस्सी, एक सांग. आमच्या बागंत केस उगवत नाय, पेपर बी उगवत नाय. हा चाकू काडीवर चालव की.”

मी चालवला. पहिली काडी लोण्यासारखी कापली गेली. मी मान वर केली तर तुम्ही काड्यांचा एक भारा माझ्या पुढ्यात टाकलात. “पहिली कोणाचीबी कापती. बस आता. दोनशे काप.”

साठाव्या काडीला माझ्या बोटाला फोड आला. सत्तर-पंच्याहत्तरच्या आसपास एका गाठीवर चाकू अडला आणि पात्याच्या टोकाचा टवका उडाला. माणसं केव्हाच पांगली होती. तुम्ही मात्र बांधावर बसून होतात. माझ्या शेवटच्या दहा काड्या हातात घेऊन तुम्ही त्यांचे काप दोन-दोन करून एकमेकांवर ठेवलेत, उजेडासमोर धरलेत आणि मला बघायला दिलेत. दोन कापांच्या मधून आभाळ दिसत होतं.

“सकाळची धार सगळ्यांकडं असती, बीएस्सी,” तुम्ही म्हणालात. “जेवणानंतरची दाखव.”

“म्हणजे चाकू वाईट आहे?”

“मी कुठं वाईट म्हनलो? तू सांगितलं तेवढा हाय का, ते बघितलं.”

मामा, त्या एका वाक्यावर मी पुढे पोट भरलं. आज मी कृषी पदविकेच्या मुलांना शिकवतो आणि दर वर्षी हेच सांगतो. केस कापणारी धार काडीत शिरली की पहिल्या पाच-पन्नास कापांत उतरते. त्यानंतर जी टिकते ती कामाची धार. कागद चिरला जाणं हे धारेइतकंच हातावरही असतं. जाड पातं जास्त टिकतं पण चिरताना लाकूड फाडतं, पातळ पातं सपाट कापतं पण गाठीला भितं. म्हणून चाकू चांगला का, असं विचारू नये. कशावर, किती वेळ, कोणाच्या हातात आणि धार गेल्यावर परत कशी आणायची, हे विचारावं. पोरं लिहून घेतात. त्यांना वाटतं, सरांचं ज्ञान आहे. मी कधी सांगितलं नाही की हे सर तुमच्या बांधावर फोड आलेल्या बोटाने शिकले.

पुढच्या दोन हंगामांत मी दुकानाच्या कामापेक्षा तुमच्याकडेच जास्त असायचो. मग शेठनी तो नवा चाकू आणला. बाहेरचं पोलाद, पात्यावर पिवळसर मुलामा, आणि सोबतच्या कागदावर लिहिलेलं की हजार काप केले तरी धार जाणार नाही. मी तो तुमच्याकडे घेऊन आलो आणि म्हणालो, “मामा, सांगा, खरं का खोटं.”

तुम्ही तो हातात घेऊन परत माझ्याच हातात दिलात. “तुझ्या बीएस्सीत मोजायला शिकवलं ना? मग मोज.”

हे तुम्हाला कधी सांगितलं नाही ते आज सांगतो. तोपर्यंत माझ्या शिक्षणाचं काय करायचं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. वडिलांनी ते पेढ्यांत वाटलं होतं, शेठनी कार्डावर छापलं होतं. ते वापर असं म्हणणारे तुम्ही पहिले. त्या रात्री खोलीवर जाऊन मी कॉलेजची प्रयोगाची वही उकरून काढली आणि कोऱ्या पानावर रकाने आखले.

दुसऱ्या दिवशी तुमचा जुना चाकू आणि हा नवा. पन्नास काड्या याने, पन्नास त्याने, असं आलटून पालटून, कारण हात दमतो तो एकाच चाकूच्या वाट्याला जायला नको. तुम्ही कापायचं, पण निकाल तुम्ही द्यायचा नाही, कारण डोळे बांधले तरी तुम्हाला नुसत्या वजनावरून चाकू ओळखू आला असता. म्हणून निकालाला मामी बसल्या. कोणती काडी कोणत्या चाकूची हे त्यांना माहीत नव्हतं. त्या काप उजेडाला धरायच्या आणि सपाट काडी डावीकडे, बिघडलेली उजवीकडे टाकायच्या. मी मोजायचो.

पहिली सकाळ वाया गेली. तुमच्या चाकूच्या काड्या दुपारपर्यंत एकसारख्या चांगल्या निघत होत्या आणि तुम्ही छाती काढून बसला होतात. मग मी वहीतल्या खुणा दाखवल्या.

“मामा, तुम्ही मध्येच दगडाला लावता.”

“मी? कधी?”

“अकरा वेळा.”

“काहीतरीच सांगू नको.”

मामी काडीवरची नजर न काढता म्हणाल्या, “तीस वरीस झाली, ह्यान्ला शिंक आल्याली कळत नाय. धार लावल्याली काय कळंल?”

तुम्ही त्या दिवशी कोणाशी बोलला नाहीत. जेवतानासुद्धा. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दगड स्वतःहून मामींच्या हाती देऊन म्हणालात, “हा आज लपीव.” त्या दिवशीची मोजणी खरी. तुमच्या चाकूच्या काड्या शंभराच्या आतच बिघडायला लागल्या. नव्याच्या दीडशेपर्यंत सपाट होत्या, मग त्याही उजवीकडच्या ढिगात पडू लागल्या. एका गाठीवर त्याचाही टवका उडाला. मग तुम्ही त्याला दगडावर घेतलंत. तुमच्या चाकूपेक्षा वेळ जास्त लागला, पण धार परत आली. कागदावर लिहिलेलं खोटं होतं, आणि तरी तो चाकू तुमच्या चाकूपेक्षा चांगला होता. दोन्ही एकदम खरं असू शकतं, हे मला त्या दिवशी कळलं. तुम्हाला जड गेलं, पण तुम्ही मान्य केलंत.

“लिही,” तुम्ही म्हणालात. “चाकू चांगला हाय. पण दीडशे काड्यांनंतर दगडाला लावावाच लागतो, आन गाठीवर जोर दिला तर टवका उडतो. खाली माझं नाव टाक. मी म्हनलो म्हनून सांग.”

मी शब्द न शब्द लिहून घेतला.

आता मी पुढचं लिहितो.

शेठना पत्रक काढायचं होतं. तुमचा फोटो त्यांना पसंत पडला. तुमचं वाक्य मी वाचून दाखवलं तेव्हा ते हसले. “अरे, गिऱ्हाईक चाकू घ्यायला येतं, पंचांग ऐकायला नाही. एवढं कोण वाचतंय? पहिलं वाक्य झकास आहे, तेवढंच ठेव.” मी म्हणालो, “पण शेठ, पुढचं काढलं तर…” त्यांनी पेन माझ्यापुढे सरकवलं. “खोटं छापायला सांगतोय का मी? तो माणूस चांगला म्हणाला की नाही? तूच लिहिलंय, तूच छाट.”

मी छाटलं. मला कोणी धमकी दिली नव्हती, हात धरला नव्हता. शेठच्या तोंडून कौतुक ऐकायची सवय लागली होती एवढंच. मी मनाला सांगितलं की उरलेला प्रत्येक शब्द खरा आहे, आणि ‘पण’च्या पुढे रेघ ओढली. पत्रकावर तुमचा टोपीतला फोटो आला. त्याखाली ‘चाकू चांगला हाय’ आणि तुमचं नाव. त्याच्याखाली शेठच्या दोन ओळी, ठळक अक्षरांत: हजार काप, धार तीच. पाते दगडाला लावू नये. एका कागदावर वर तुम्ही, खाली त्या ओळी. वाचणाऱ्याला सगळं तुमचंच वाटणार होतं. मला ते छापून आल्यावर दिसलं. दिसल्यावरही मी गठ्ठे बांधले आणि वाटले.

रंगनाथने तो चाकू तुमच्या फोटोवर घेतला. पेठ तालुक्यातून आलेला रंगनाथ तुमच्या हाताखाली दहा वर्षं शिकला होता आणि त्याने नुकतीच कलमं बांधणाऱ्यांची स्वतःची टोळी उभी केली होती. तुमचं नाव दिसलं म्हणजे त्याच्यासाठी विषय संपला. त्याच्या सहाही माणसांनी तेच चाकू घेतले, आणि चार दिवस एका मोठ्या बागेत दगडाला न लावता चालवले, कारण तसं लिहिलं होतं. हळूहळू जाणारी धार हाताला कळत नाही. हात तेवढा जोर वाढवतो. तीन आठवड्यांनी बागवाल्याने ओळीतून फिरून बघितलं तर निम्म्याहून अधिक काड्या फुटल्याच नव्हत्या. त्या गावात रंगनाथच्या टोळीला पुन्हा कोणी बोलावलं नाही.

मला हे दुकानात आलेल्या एका गिऱ्हाइकाकडून कळलं. मी बसने तुमच्या गावी गेलो. घरी कुलूप होतं. शेजारी म्हणाले, मिस्तरी त्या बागेत गेलेत. तुम्ही आणि मामी दोघंच होतात. मेलेल्या काड्या काढून तुम्ही पुन्हा कलमं बांधत होतात, एकेक ओळ. हंगाम उतरणीला लागला होता, ही कलमं कितपत लागतील याची तुम्हालाच खात्री नव्हती. मी ओळीच्या टोकाला उभा राहिलो. तुम्ही मान वर न करता विचारलंत:

“ते कागदावरचं तूच लिहिलं का?”

मी म्हणालो, “शेठनी छापलं.”

“बरं,” तुम्ही म्हणालात. थोड्या वेळाने: “ती पट्टी दे इकडं.”

मी संध्याकाळपर्यंत तुमच्यामागे पट्ट्या देत बसलो. मला वाटलं, हीच माफी. आता कळतं की तो फक्त मजूर कमी होता म्हणून झालेला उपयोग होता. ‘शेठनी छापलं’ हेही खरंच होतं. त्या पत्रकासारखंच खरं, पुढचं छाटलेलं.

त्यानंतर वर्षभरात मी दुकान सोडलं, एका शाळेच्या प्रयोगशाळेत लागलो, मग शिकवायला लागलो. त्या ‘बरं’नंतर तुम्ही दार बंद कराल असं वाटलं होतं. तुम्ही तर इंदिरानगरला आमच्या दोन खोल्यांत माझ्या लग्नानंतरही येत राहिलात, डाव्या हातात भाजीची पिशवी, उजव्यात काहीतरी दुरुस्त करून आणलेलं. सुनंदाने एकदा टीव्हीवरची जाहिरात बघून स्वयंपाकाचा चाकू मागवला होता. त्या जाहिरातीत एक माणूस चाकूने आधी चप्पल कापायचा आणि मग टोमॅटोची पारदर्शक चकती. सुनंदाने तो तुम्हाला कौतुकाने दाखवला.

“चप्पल कापून?” तुम्ही विचारलंत.

“हो मामा, आणि लगेच टोमॅटो!”

“मग ती भाजी कोण खातं?”

सुनंदा अजून हे सांगून हसते. तिला मी तुमच्या वाक्याचं काही सांगितलेलं नव्हतं. तुम्ही तो चाकू उलटसुलट केलात, पात्याचे दाते बोटाने चाचपलेत आणि म्हणालात, “पोरी, ही करवत हाय. करवत कायम कापती, पण सुबक कापत नाय. आन बोथट झाली तर हिला धार लावणारा मला तरी ठाऊक नाय. बाहेरच्या पावाला ठेव, भाजीला नको.” मग आमची साधी सुरी पाट्याच्या कडेवर घासून दिलीत. तुम्ही खोट्या दाव्यावर कधी चिडायचा नाहीत, हे मला सगळ्यात जड जायचं. त्यातलं जेवढं खरं आहे तेवढं बाजूला काढून देऊन मोकळे व्हायचात. माझंही तसंच काहीतरी बाजूला काढून ठेवलं होतंत का?

शेवटची भेट यंदाच्या उन्हाळ्यातली. तुम्ही खाटेवर, दोन उशांना टेकून. श्वास पुरत नव्हता. मी माझ्या मुलांनी केलेल्या चाचणीची वही आणली होती: चार चाकू, आलटून पालटून, काप बघणारा वेगळा. तुमचीच पद्धत. तुम्ही पानं उलटलीत, पण वाद सोडला नाहीत.

“हे समदं ठीक. पण हे लोकांना कोण सांगनार?”

“चाचणी प्रामाणिक असली की ती स्वतःच सांगते, मामा.”

“नाय रे. आकडा मुका असतो. बोलतो तो माणूस.” तुम्ही दम घेतलात. “चाकूचं खरंखोटं एका सकाळीत कळतं, बीएस्सी. माणसाला लय काड्या लागत्यात.”

मी हसलो. मला तेव्हा असं वाटलं की तुम्ही दार उघडं ठेवलंय आणि मी फक्त आत यायचं आहे. जिभेवर वाक्य आलं होतं. मग मामी चहा घेऊन आल्या आणि मी कपबशी हातात घेतली. पुन्हा येईन तेव्हा सांगेन, असं मनाशी म्हणून.

दहाव्याला रंगनाथ आला होता. सगळ्यांपासून लांब, घाटाच्या टोकाला, चप्पल हातात घेऊन. केस पांढरे झालेत त्याचे. भाषणं संपल्यावर मी त्याच्याजवळ गेलो. नऊ वर्षांत आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. मी कोणतीही प्रस्तावना केली नाही, केली असती तर परत अडकलो असतो.

“रंगनाथभाऊ, पत्रकावरचं मामांचं वाक्य अर्धं होतं. दीडशे काड्यांनंतर दगडाला लावावाच लागतो, असं ते पुढे म्हणाले होते. ते मी काढून टाकलं. मी. शेठनी नाही.”

त्याने माझ्याकडे बघितलं नाही, पाण्याकडे बघत राहिला.

“मी इचारलं व्हतं त्यान्ला,” तो म्हणाला. “तवाच. म्हनलं, मामा, तुमी खरंच असं बोलला? म्हनले, हा, चांगला हाय असं मीच म्हनलो.”

“पुढचं नाही सांगितलं?”

“नाय.”

घाटावर पत्रावळी गोळा करायचं काम चालू होतं.

“मंग मी म्हनलो, ह्यांनी पैसं खाल्लं,” रंगनाथ म्हणाला. “दुकानवाल्याचं पैसं खाऊन आमाला बुडवलं. चौकात म्हनलो, चार टोळ्यांपुढं. त्ये बी तिथंच उभं व्हते. काय बोलले नाय. नऊ वरीस त्यांच्या दारात गेलो नाय मी. मामी सांगावा धाडायची, तरी नाय. आज गेलो, त्ये हितं.”

मामा, मला हे माहीत नव्हतं. तुम्ही रंगनाथबद्दल विचारलं की म्हणायचात, ‘त्याचं काम वाढलंय, वेळ नसतो.’ मी ते खरं मानलं, कारण ते मानणं मला सोयीचं होतं. तुम्ही माझी नोकरी वाचवत होतात का? की एकदा तोंडातून निघालेला शब्द आपला म्हणून धरून बसला होतात? की वाट बघत होतात, की मी स्वतःहून येईन? तुमच्यावर राग आहे माझा. तुम्ही एकदा तरी चारचौघांत माझा हात धरून बाही वर सारायला हवी होती, पहिल्या दिवशी सारलीत तशी. तेवढा हक्क तुमचा होता.

रंगनाथने चप्पल पायात घातली. “जिथं म्हनलो तिथंच सांगाया लागंल,” तो म्हणाला. “तुला बी आन मला बी. हंगाम लागू दे. सगळे येतील.”

हंगाम लागला. आज सकाळी साडेसहाला मी त्या चौकात गेलो. तुम्हाला ठाऊक असलेलाच चौक, चहाच्या टपरीसमोर टोळ्या टेम्पोची वाट बघतात तो. तीस-चाळीस कलमवाले असतील. रंगनाथ आधीच आलेला. त्याने हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि मला पुढे केलं. मी वही उघडली आणि तुमचं वाक्य वाचलं, पुढच्या भागासकट. मग सांगितलं की ते मी तोडलं होतं, त्यामुळे एक बाग गेली, एका माणसाची टोळी गेली आणि एका मिस्तरीवर आळ आला. मग तुमचं वाक्य दुसऱ्यांदा वाचलं.

टपरीवाल्याने स्टोव्ह बारीक केला. मग मागून सुरगाण्याकडच्या नव्या टोळीतल्या एकाने विचारलं, “कोनत्या चाकूचं म्हनता? तो तर आता कुठं मिळत बी नाय.”

दुसऱ्याने विचारलं, “निवृत्ती कोन?”

मामा, मी तुमचं नाव स्वच्छ करायला गेलो होतो, आणि तिथे निम्म्या माणसांना ते नावच माहीत नव्हतं. ज्यांना माहीत होतं ते जमिनीकडे बघत होते.

रंगनाथ पुढे आला.

“आमचा मिस्तरी,” तो म्हणाला. “मी त्याला हितं चोर म्हनलो व्हतो. चोर नव्हता तो.”

एवढंच बोलला आणि मागे सरला. टेम्पोने हॉर्न दिला. माणसं पिशव्या उचलून चढली, रंगनाथला कोणीतरी हात देऊन वर घेतलं. चौक रिकामा झाला. मी घड्याळ बघितलं, सवयीने. सगळं मिळून पाच मिनिटंही लागली नव्हती.